एकच नाव, मापे अनेक
संगणकातील पूर्णांकांची गोष्ट

दशमान पद्धती येण्यापूर्वी आपल्या देशात धान्य मणाने मोजले जात असे. चाळीस शेरांचा एक मण, हे कोष्टक मुलांना शाळेत पाठ करावे लागे. पण हा मण सगळीकडे सारखा नव्हता. मुंबईचा मण सुमारे १२.७ किलोग्रॅमचा, मद्रासचा सुमारे ११.३ किलोग्रॅमचा, तर बंगालचा मण सुमारे ३७.३ किलोग्रॅमचा. आता समजा, कलकत्त्याच्या एका व्यापाऱ्याने मुंबईच्या व्यापाऱ्याला पत्र लिहिले, "शंभर मण धान्य पाठवावे." मुंबईकराने आपल्या मणाने मोजून माल पाठवला. कलकत्त्याला माल पोचला तेव्हा तो अपेक्षेच्या जेमतेम एक-तृतीयांश भरला! दोघांपैकी कोणीही खोटे बोलले नव्हते. पत्रात लिहिलेला शब्द तोच होता, फक्त त्याचे माप गावोगाव निराळे होते. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, किलोग्रॅम सर्वत्र एकच झाला आणि हा घोटाळा मिटला.

विद्यार्थी मित्रांनो, संगणकाच्या जगातही असाच एक 'मण' आहे. त्याचे नाव 'इंट'. सी या संगणकभाषेत पूर्णांक साठवण्यासाठी हा शब्द वापरतात. एका यंत्रावर इंट लहान असतो, दुसऱ्यावर मोठा असतो. एका यंत्रावर वर्षानुवर्षे बिनचूक चाललेली आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर नेली, की काही वेळा तिची उत्तरे चुकू लागतात. असे का होते, त्यातून काय अनर्थ घडू शकतो आणि त्यावर उपाय कोणता, हे आपण या लेखात पाहू.

खान्यांचे गणित

कागदावर आपण कितीही मोठी संख्या लिहू शकतो. जागा संपली तर पुढच्या ओळीवर जातो. संगणकाला ही मोकळीक नसते. त्याच्या स्मृतीत प्रत्येक संख्येसाठी ठरावीक खाने राखून ठेवलेले असतात आणि प्रत्येक खान्यात ० किंवा १ यांपैकी एकच अंक बसतो. अशा एका खान्याला बिट म्हणतात. आठ बिटांच्या गटाला बाइट हे नाव आहे.

एका खान्यात २ प्रकारच्या नोंदी होऊ शकतात. दोन खान्यांत २ × २ म्हणजे ४, तीन खान्यांत ८. प्रत्येक नवा खाना नोंदींची संख्या दुप्पट करतो. या हिशेबाने,

८ खान्यांत २५६ नोंदी,
१६ खान्यांत ६५,५३६ नोंदी,
३२ खान्यांत ४,२९,४९,६७,२९६ नोंदी,
आणि ६४ खान्यांत १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ नोंदी होतात.

शून्यापासून मोजायला सुरुवात केली, तर ८ खान्यांत ० ते २५५ आणि १६ खान्यांत ० ते ६५,५३५ एवढ्याच संख्या मावतील. पण व्यवहारात ऋण संख्याही लागतात. तापमान शून्याच्या खाली जाते, खात्यात येणे असते तसे देणेही असते. मग वजाचे चिन्ह साठवायचे कसे?

ऋण संख्यांची सोय

समजण्यास सोपे जावे म्हणून आपण चारच खान्यांचा एक चिमुकला संगणक घेऊ. त्यात ०००० पासून ११११ पर्यंत १६ नोंदी होतात. ११११ मध्ये १ मिळवा. द्विमान पद्धतीत १ आणि १ मिळून १०, म्हणजे शून्य लिहायचे आणि हातचा एक पुढे न्यायचा. प्रत्येक घरात हेच घडत जाते आणि उत्तर येते १००००. हे पाच अंकी आहे, पण आपल्याकडे खाने चारच! डावीकडचा १ ठेवायला जागाच नाही. तो गळून पडतो आणि उरतात ०००० हे चार अंक.

आता विचार करा. अशी कोणती संख्या आहे, की जिच्यात १ मिळवल्यावर शून्य येते? उणे एक! म्हणून ११११ या नोंदीला −१ मानणे सोयीचे ठरते. याच रीतीने १११० म्हणजे −२, ११०१ म्हणजे −३, असे मागे मागे जात १००० पाशी आपण −८ ला पोचतो. दुसऱ्या बाजूने ०००१ म्हणजे १, ००१० म्हणजे २, असे पुढे जात ०१११ पाशी ७ येतात. थोडक्यात,

०१११ = ७
०००१ = १
०००० = ०
११११ = −१
१००० = −८

डावीकडचा पहिला अंक १ असेल तर संख्या ऋण, ० असेल तर धन किंवा शून्य, हे लगेच ओळखता येते. बेरीज-वजाबाकी करणाऱ्या विद्युत्-मंडलाला चिन्हाचा वेगळा विचारही करावा लागत नाही. आजचे बहुतेक सर्व संगणक ऋण पूर्णांक याच रीतीने साठवतात. १६ खान्यांत अशा रीतीने −३२,७६८ ते ३२,७६७ आणि ३२ खान्यांत −२,१४,७४,८३,६४८ ते २,१४,७४,८३,६४७ या संख्या मावतात.

उतू जाणे

आता आपल्या चिमुकल्या संगणकात ७ मध्ये १ मिळवू. ०१११ अधिक ०००१ बरोबर १०००. पण १००० म्हणजे तर −८! सात आणि एक मिळून उणे आठ! यंत्र बिघडलेले नाही. त्याने नियमाप्रमाणे बेरीज केली आहे, पण उत्तर भांड्यात मावले नाही. लहान पातेल्यात जास्त दूध तापवले की ते उतू जाते, तसेच हे. याला संख्या उतू जाणे असे आपण म्हणू.

खऱ्या यंत्रावरचे उदाहरण घेऊ. एका दिवसात सेकंद किती? २४ × ६० × ६० म्हणजे ८६,४००. ज्या यंत्रावर इंट ३२ बिटांचा आहे, तेथे हे उत्तर सहज मावते. आता हाच गुणाकार १६ बिटांच्या इंटमध्ये करू. ८६,४०० ही संख्या ६५,५३६ पेक्षा मोठी असल्यामुळे वरचा अंक गळून पडतो आणि उरतात ८६,४०० − ६५,५३६ म्हणजे २०,८६४ सेकंद. ५ तास ४७ मिनिटे ४४ सेकंदांचा दिवस! पाणी सोडण्याचे यंत्र दिवसातून एकदा चालू व्हावे अशी आज्ञावली असेल, तर ते दिवसातून चार वेळा चालू होईल.

हे उदाहरण काल्पनिक वाटू देऊ नका. अनेक शाळांच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा आर्डुइनो उनो हा छोटा नियंत्रक इंटसाठी १६ बिटच देतो. घरच्या मोठ्या संगणकावर तपासलेली आज्ञावली त्यावर चढवली, की हा दिवस आखूड होतो. आणखी एक गंमत पाहा. उत्तर ठेवण्यासाठी ३२ बिटांचा मोठा खाना राखून ठेवला, तरी चूक टळत नाही. कारण गुणाकारातले तिन्ही आकडे लहान मापाचे असल्याने गुणाकार लहान मापातच होतो आणि मग त्याचे उत्तर मोठ्या खान्यात जाते. उतू गेलेले दूध उरलेले दूध मोठ्या पातेल्यात ओतल्याने परत मिळत नाही. त्यासाठी निदान पहिला आकडा तरी मोठ्या मापाचा आहे, असे आज्ञावलीत आधीच सांगावे लागते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. चिन्हयुक्त संख्या उतू गेली तर अमुकच घडेल, अशी हमी सी भाषेचे नियम देत नाहीत. बहुधा वर सांगितल्याप्रमाणे वरचे अंक गळतात, पण त्यावर विसंबून राहणे योग्य नाही.

मापे निरनिराळी का झाली?

तुम्ही विचाराल, की सी भाषा तयार करणाऱ्यांनी सुरुवातीलाच इंटचे एक माप का ठरवले नाही? याचे उत्तर इतिहासात आहे.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी युनिक्स या कार्यप्रणालीची सुरुवात केली. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाची स्मृती, फायली आणि यंत्राचे निरनिराळे भाग यांची व्यवस्था पाहणारी मूळ आज्ञावली. त्यांच्याजवळचे यंत्र होते पीडीपी–७. त्यात संख्या १८ बिटांच्या गटांत साठवत. युनिक्स प्रथम यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेत लिहिली गेली. अशा भाषेत लिहिलेली आज्ञावली त्याच जातीच्या यंत्रावर चालते. यंत्र बदलले की सगळे पुन्हा लिहावे लागते.

पुढे पीडीपी–११ हे १६ बिटांचे यंत्र आले. डेनिस रिची यांनी त्यावर सी भाषा घडवली आणि १९७३ साली युनिक्सचा गाभा सी भाषेत पुन्हा लिहिला गेला. आता कल्पना पुढे आली, की यंत्र बदलले तरी आज्ञावली तीच ठेवावी. नव्या यंत्रासाठी फक्त सीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली, म्हणजे कंपायलर, तयार करावा. एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येण्याच्या या गुणाला 'पोर्टेबिलिटी' म्हणतात. मराठीत आपण त्याला स्थलांतरक्षमता म्हणू.

१९७७ च्या सुमारास या कल्पनेची खरी परीक्षा झाली. ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी युनिक्स इंटरडेटा ७/३२ या यंत्रावर नेली, तर बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची व स्टीफन जॉन्सन यांनी ती इंटरडेटा ८/३२ वर नेली. ही यंत्रे ३२ बिटांची होती. इंट म्हणजे १६ बिट, असे गृहीत धरून लिहिलेल्या ओळी तेव्हा उघड्या पडल्या.

१९७८ साली ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांचे 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात चार यंत्रांवरील मापे दिली होती. शॉर्ट म्हणजे लहान पूर्णांक, इंट म्हणजे नेहमीचा आणि लाँग म्हणजे मोठा. ती मापे बिटांत अशी होती :

पीडीपी–११ : शॉर्ट १६, इंट १६, लाँग ३२
हनीवेल ६००० : शॉर्ट ३६, इंट ३६, लाँग ३६
आयबीएम ३७० : शॉर्ट १६, इंट ३२, लाँग ३२
इंटरडेटा ८/३२ : शॉर्ट १६, इंट ३२, लाँग ३२

हनीवेलच्या यंत्रावर एक अक्षरही ८ ऐवजी ९ बिटांत साठवले जाई. अशा परिस्थितीत सगळ्यांवर एकच माप लादले असते, तर काही यंत्रांवर साधी बेरीजही अनेक टप्प्यांत करावी लागली असती. त्या काळी स्मृती महाग होती आणि यंत्रे मंद होती. म्हणून असे ठरले, की इंट म्हणजे त्या यंत्राला सहज हाताळता येणारे माप. हा निर्णय त्या काळाच्या गरजेचा होता. भाषेच्या वेगाचे आणि प्रसाराचे ते एक कारणही ठरले. फक्त त्याची किंमत पुढे आज्ञावली लिहिणाऱ्यांना मोजावी लागली.

१९८९ साली अमेरिकेत सी भाषेचे अधिकृत मानक तयार झाले. त्याने निदान किमान मापे बांधून दिली. शॉर्ट आणि इंट किमान १६ बिटांचे, लाँग किमान ३२ बिटांचा. कमाल किती, हे मोकळेच राहिले. म्हणून आजही ६४ बिटांच्या विंडोजवर लाँग ३२ बिटांचा असतो आणि ६४ बिटांच्या लिनक्सवर तोच लाँग ६४ बिटांचा असतो. एकाच जातीचे यंत्र, एकच भाषा, पण मापे दोन!

पत्ता तोडला तर?

संगणकाच्या स्मृतीतील प्रत्येक बाइटला एक क्रमांक असतो. त्याला त्या जागेचा पत्ता म्हणतात. पीडीपी–११ वर पत्ताही १६ बिटांचा आणि इंटही १६ बिटांचा होता. त्यामुळे पत्ता इंटमध्ये ठेवण्याची सवय अनेकांना लागली. ३२ बिटांच्या यंत्रांवरही दोन्ही सारखे राहिले आणि ही सवय मुरली. पुढे ६४ बिटांची यंत्रे आली. त्यांत पत्ता ६४ बिटांचा झाला, पण इंट बहुधा ३२ बिटांचाच राहिला. असा लांब पत्ता इंटमध्ये कोंबला, की त्याचा वरचा अर्धा भाग गळून पडतो.

हे पिनकोडच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. आपला पिनकोड सहा अंकी असतो. समजा, एका छापील अर्जात त्यासाठी तीनच घरे आहेत आणि आपण शेवटचे तीन अंक लिहिले. मग पुण्याचा ४११०३० आणि मुंबईचा ४०००३० हे दोन्ही '०३०' असेच दिसतील. पत्र कोठे जाईल हे कोण सांगणार?

यातला खरा धोका असा, की ही चूक लगेच दिसत नाही. पत्ता लहान असेल तोवर त्याचा वरचा अर्धा भाग शून्यच असतो आणि तो गळला तरी काही बिघडत नाही. वापर वाढतो, पत्ते मोठे होतात आणि एके दिवशी आज्ञावली अचानक कोलमडते. कालपर्यंत चालत होते, म्हणजे ते बरोबरच होते, असे समजणे म्हणूनच धोक्याचे आहे.

उजवीकडून की डावीकडून?

मापे सारखी असली तरी आणखी एक अडचण उरते. आपण २५ हा आकडा लिहिताना आधी दोन लिहितो, मग पाच. पण वाचताना 'पंचवीस' म्हणतो, म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर. संगणकांतही असे दोन पंथ आहेत. १६ बिटांची संख्या दोन बाइटांत साठवताना काही यंत्रे मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवतात, काही लहान किमतीचा.

२५८ ही संख्या घ्या. १ × २५६ + २ अशी तिची फोड होते. म्हणून तिचे दोन बाइट १ आणि २ आहेत. हेच बाइट उलट क्रमाने वाचले, तर २ × २५६ + १ म्हणजे ५१३ अशी संख्या मिळते. आयबीएम ३७० मोठा बाइट आधी ठेवत असे, इंटेलची यंत्रे लहान बाइट आधी ठेवतात. १९८० साली डॅनी कोहेन यांनी या दोन पंथांना 'बिग एंडियन' आणि 'लिटल एंडियन' अशी नावे दिली. गलिव्हरच्या प्रवासकथेत उकडलेले अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे यावरून भांडणारे लोक आहेत, त्यांच्यावरून ही नावे घेतली आहेत. इंटरनेटच्या मूळ नियमांत मोठा बाइट आधी पाठवायचा असे ठरलेले आहे. म्हणून निरनिराळ्या पंथांची यंत्रे एकमेकांशी बोलू शकतात.

चाळीस सेकंदांचे उड्डाण

संख्येच्या मापाचा हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांपुरता नाही, हे ४ जून १९९६ रोजी साऱ्या जगाने पाहिले. त्या दिवशी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियानातल्या कुरू येथून एरियान–५ या युरोपीय अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. त्यात पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राचा अभ्यास करणारे 'क्लस्टर' नावाचे चार उपग्रह होते. उड्डाणाची क्रिया सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांनी, जवळजवळ ३,७०० मीटर उंचीवर अग्निबाण मार्ग सोडून वळला, तुटला आणि त्याचा स्फोट झाला.

गणितज्ञ जाक-लुई लियोंस यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने चौकशी केली. कारण सापडले ते असे. अग्निबाणाची दिशा व गती मोजणाऱ्या उपकरणातली आज्ञावली आधीच्या एरियान–४ वरून जशीच्या तशी घेतली होती. तिच्यात आडव्या गतीशी संबंधित एक राशी ६४ बिटांच्या दशांश स्वरूपातून १६ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात बदलली जाई. एरियान–४ वर ही राशी ३२,७६७ च्या वर जात नसे. पण एरियान–५ ची आडवी गती पाच पट वेगाने वाढत होती. राशी खान्यात मावेनाशी झाली. यंत्राने ही चूक ओळखली, पण त्यावर काय करावे हे आज्ञावलीत सांगितलेले नव्हते. म्हणून उपकरण बंद पडले. राखीव उपकरण होते, पण त्यातही तीच आज्ञावली होती आणि तेही त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडले होते. बंद पडताना उपकरणाने पाठवलेला बिघाडाचा संदेश मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वाचला आणि नळकांडी एकदम वळवली.

यात सर्वांत चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. ही राशी ज्या कामासाठी काढली जात होती, त्या कामाचा एरियान–५ ला उड्डाणानंतर काहीच उपयोग नव्हता! शिवाय अशा धोक्याच्या सात राशी अभियंत्यांनी ओळखल्या होत्या. त्यांतील चार राशींना संरक्षण दिले होते. संगणकावरचा भार मर्यादेत राहावा म्हणून उरलेल्या तीन तशाच ठेवल्या, कारण जुन्या अग्निबाणावर त्या सुरक्षित होत्या. ही आज्ञावली सी भाषेत नव्हे, तर एडा भाषेत होती. तेव्हा दोष एखाद्या भाषेचा नाही. एका ठिकाणी खरे असलेले गृहीत दुसऱ्या ठिकाणी तपासल्यावाचून नेले, हा खरा दोष. क्लस्टर उपग्रह पुन्हा बांधावे लागले आणि ते २००० साली सोयूझ अग्निबाणांनी अवकाशात गेले.

२०३८ चा प्रश्न

युनिक्स कार्यप्रणालीत वेळ मोजण्याची एक साधी रीत आहे. १ जानेवारी १९७० रोजी आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेनुसार मध्यरात्रीचे बारा वाजल्यापासून किती सेकंद झाले, ती संख्या साठवायची. यासाठी दीर्घकाळ ३२ बिटांचा चिन्हयुक्त पूर्णांक वापरला गेला. त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ सेकंद मावतात. म्हणजे सुमारे ६८ वर्षे.

ही मुदत १९ जानेवारी २०३८ रोजी प्रमाणवेळेनुसार ३ वाजून १४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते. भारतात तेव्हा मंगळवारची सकाळ असेल आणि घड्याळात ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झालेले असतील. पुढच्याच सेकंदाला अशा यंत्रातली संख्या उतू जाऊन ऋण होईल आणि यंत्राला वाटेल की आज १३ डिसेंबर १९०१ आहे!

यावर उपाय म्हणजे वेळेसाठी ६४ बिट वापरणे. तसे केले की २९,२०० कोटी वर्षे पुरतील एवढी जागा होते. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे, यावरून कल्पना करा. मोठ्या संगणकांवर हा बदल बऱ्याच अंशी झाला आहे. लिनक्सच्या ३२ बिटांच्या यंत्रांसाठीही २०२० सालच्या ५.६ या आवृत्तीत गाभ्याची सोय झाली. पण काम तेवढ्याने संपत नाही. जुन्या फायलींत वेळेसाठी चारच बाइट राखलेले असतात. कारखान्यांत, वाहनांत, मोजमापाच्या उपकरणांत बसवलेले छोटे संगणक वीस-पंचवीस वर्षे न बदलता चालतात. ते एकेक शोधून तपासावे लागतात.

मग करावे काय?

मणाचा घोटाळा किलोग्रॅमने मिटला. येथेही तोच मार्ग आहे. सी भाषेच्या १९९९ सालच्या मानकात निश्चित मापांची नावे आली. त्यांच्या नावातच ८, १६, ३२ किंवा ६४ हा आकडा असतो. ३२ बिटांचे नाव वापरले, की कोणत्याही यंत्रावर नेमके ३२ बिट मिळतात. ज्या यंत्राला ते माप जमत नाही, तेथे कंपायलर आधीच तक्रार करतो. चुकीचे उत्तर गुपचूप येण्यापेक्षा ही तक्रार केव्हाही बरी.

आज्ञावली लिहिणाऱ्याने पाच गोष्टी पाळाव्यात. पहिली, फायलीत साठवायची किंवा दुसऱ्या यंत्राकडे पाठवायची संख्या नेहमी निश्चित मापाची असावी आणि तिच्या बाइटांचा क्रमही लिहून ठेवावा. दुसरी, पत्ता साठवायला पत्त्यासाठीच असलेला प्रकार वापरावा, इंट नव्हे. तिसरी, मोठ्या मापातून लहान मापात जाताना संख्या मावते की नाही हे आधी तपासावे. चौथी, मावली नाही तर काय करायचे तेही ठरवून ठेवावे. पाचवी, कंपायलरने दिलेल्या इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करू नये.

नुसते मोजण्यासाठी, दहा-वीस फेऱ्यांचा हिशेब ठेवण्यासाठी साधा इंट आजही उत्तम आहे. घरातल्या घरात वाटीने तांदूळ मोजले तर काही बिघडत नाही. बाजारात मात्र किलोग्रॅमच लागतो.

वर्गात करून पाहा

चार विद्यार्थ्यांना एका रांगेत, वर्गाकडे तोंड करून उभे करा. हात वर म्हणजे १, हात खाली म्हणजे ०. वर्गाकडून पाहता उजव्या टोकाच्या विद्यार्थ्याची किंमत १, त्याच्या शेजारच्याची २, मग ४ आणि ८. शिक्षकांनी टाळी वाजवली की संख्या एकाने वाढवायची. नियम एकच : हात खाली असेल तर वर करा, वर असेल तर खाली घ्या आणि डावीकडच्या शेजाऱ्याला हळूच खूण करा. सोळाव्या टाळीला काय होते ते पाहा. डाव्या टोकाच्या विद्यार्थ्याची खूण घ्यायला कोणीच नसते! हाच तो गळून पडलेला अंक.

आता पुढील उदाहरणे सोडवा.

१. आठ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात १०० आणि ५० यांची बेरीज केली आणि वरचे अंक गळले, तर उत्तर काय दिसेल?

२. एका सहलीसाठी ३०० विद्यार्थ्यांनी प्रत्येकी २०० रुपये दिले. ही रक्कम १६ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात साठवली, तर हिशेबात किती रुपये दिसतील?

३. एक घड्याळ यंत्र सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद ३२ बिटांच्या बिनचिन्ह पूर्णांकात मोजते. ते किती दिवसांनी पुन्हा शून्यावर येईल?

उत्तरे : १. १५० − २५६ = −१०६. २. ६०,००० − ६५,५३६ = −५,५३६, म्हणजे पैसे जमा होऊनही खात्यात देणेच दिसेल! ३. ४,२९,४९,६७,२९६ भागिले ८,६४,००,००० = सुमारे ४९.७ दिवस. विंडोज ९५ आणि ९८ हे संगणक सलग इतके दिवस चालू ठेवले तर नेमके याच कारणाने अडत असत.